शेजारी ठेवलेलं प्रस्थान

नल्लकुंटा, हैदराबाद
शुक्रवार, दुपार

प्रिय मानसी,

एकाच घरात राहायचं, मधे फक्त सतरा पायऱ्यांचा जिना, आणि तरी सासूने सुनेला पत्र लिहायचं, हे बघून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस. भामा इथे माझ्या शेजारी झोपली आहे. वरणभात खाल्ला, त्यातला अर्धा माझ्या पदराला पुसला, आणि आता तोंड उघडं टाकून छान घोरते आहे. पत्र अशासाठी की मी दोनदा जिना चढून वर आले होते. दोन्ही वेळा तू मान वर करून विचारलंस, आई, चहा टाकू का? मी हो म्हटलं आणि जे बोलायचं ते चहाबरोबर गिळून खाली आले. कागदासमोर बसलं की कुणी चहा विचारत नाही. ओमकारला यातलं किती सांगायचं ते तू ठरव. त्याला मराठी वाचायला दिलं तर तो एकेका ओळीवर बोट ठेवून वाचतो आणि दुसऱ्या पानावर त्याला फोन येतो.

उद्या संध्याकाळपर्यंत तुम्हाला व्हिसाच्या कचेरीला कळवायचं आहे, म्हणून मला आजच लिहायला हवं. मंगळवारची तारीख गेली. ओमकार म्हणतो पुढच्या गुरुवारची मिळते आहे, ती सोडली तर मग ऑक्टोबरशिवाय काही नाही, आणि ऑक्टोबरात थंडी. तू म्हणालीस, राहू दे या वर्षी, भामा मोठी होऊ दे. आणि मंगळवारी दुपारी तू फ्रिजवर लावलेला तो मोठा कागद काढलास, घडी घातलीस आणि कुठल्याशा खणात ठेवून दिलास. मी तेव्हा भामाला घेऊन दारातच उभी होते. फ्रिजवर आता नुसतेच चार लोहचुंबक राहिलेत, आणि मला वर आलं की पहिल्यांदा तेच दिसतात.

त्या कागदाची मला किती सवय झाली होती हे तुला माहीत नाही. चार महिने तू हे मांडत होतीस. म्युनिकला चार दिवस, साल्झबुर्गला तीन, मग त्या तळ्याकाठच्या गावात तीन, आणि शेवटी व्हिएन्ना. दिवसाला एकच गोष्ट बघायची, एक ते तीन भामाची झोप, त्या वेळात कुणीही राजवाड्याचं नाव काढायचं नाही. राहायची जागा स्वयंपाकघर असलेली, लिफ्टची, आणि स्टेशनपासून बाबागाडी ढकलत दहा मिनिटांत पोचता येईल अशी. ओमकार तुला हसला होता, म्हणाला हौ, तू सहलीला निघालीस का लढाईला? पण मला तुझं फार कौतुक वाटलं. सगळं जग म्हणत होतं एवढ्या लहान पोरीला काय कळणार, कशाला नेता, तिला आठवणार तरी आहे का. तू शांतपणे म्हणालीस, तिला नाही आठवणार, पण मला आठवेल ना. हे वाक्य मी त्या दिवशी घरी आलेल्या रंजनाला सांगितलं, परवा भाजीवालीलाही सांगितलं.

मी नुसती कौतुक करून थांबले नाही, कामालाही लागले. बेगम बाजारात जाऊन डाळी आणल्या, भाजून मेतकूट केलं, खिचडीचं कोरडं मिश्रण करून आठ पुड्या बांधल्या. एक पुडी दोन दिवसांची. तो दुकानदार मला चाळीस वर्षं ओळखतो, कुठे निघालात विचारलं तर मी ऐटीत सांगितलं, मी नाही, माझी नात जर्मनीला चालली आहे. आणि एका संध्याकाळी तू लॅपटॉपवर गाड्या बघत होतीस, तेव्हा मी मागून बोलून गेले की परतताना साल्झबुर्गला गाडी बदलायला नको, व्हिएन्नाहून थेट म्युनिकला येणारी असते. तू वळून बघितलंस. आई, तुम्हाला कसं ठाऊक? मी म्हटलं, टीव्हीवर बघितलं असेल कुठेतरी. ते खरं नव्हतं, मानसी. मला तो सगळा रस्ता पाठ आहे. भामाला दुपारी झोपवताना मी अंगाई म्हणत नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. मी तिला थोपटत स्टेशनं म्हणते. म्युनिक, रोझेनहाइम, प्रीन, ट्राउनश्टाइन, फ्राइलासिंग, साल्झबुर्ग. प्रीनजवळ डाव्या हाताला तळं येतं म्हणे, तिथे मी जरा हळू थोपटते. साल्झबुर्गच्या पुढे ही बया कधी जागी राहिलेली नाही. वेल्स, लिंझ, सांक्ट प्योल्टेन मी एकटीच करते, आणि कितीदा तरी व्हिएन्नाच्या आधी माझाही डोळा लागतो. मग आम्ही दोघी दुपारभर कुठे असतो कोण जाणे. जाग येते तेव्हा पंखा फिरत असतो, बाहेर कुणीतरी तेलुगूत फुलं विकत असतं, आणि मला क्षणभर कळत नाही की हे गाव कुठलं.

हे कुठून आलं ते सांगते. ओमकारचे बाबा बालानगरच्या कारखान्यात होते एवढं तुला ठाऊक आहे. एकोणनव्वद साली त्यांच्या कारखान्यात जर्मन यंत्रं यायची होती, आणि ती शिकून घ्यायला दोघांना वर्षभर तिकडे पाठवायचं ठरलं. पहिलं नाव यांचं होतं. बायकामुलांना न्यायची परवानगी होती. ओमकार तेव्हा बरोबर आत्ताच्या भामाएवढा, सव्वादोन वर्षांचा. त्या काळी मुलाचं नाव आईच्या पासपोर्टातच लिहीत, म्हणून माझा पासपोर्ट आला तेव्हा त्यात मी आणि तो, दोघं होतो. यांनी कुठून तरी एक जुना नकाशा पैदा केला. रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की हातपाय धुऊन तो पलंगावर पसरायचे, हातात फूटपट्टी. सुट्टीत कुठे जायचं ते ठरायचं. गाडीत बसायचे, उतरायचे, इथे पाऊण तास थांबू, कॉफी पिऊ, ओमकारला बदकं दाखवू, मग पुढची गाडी. ओमकार त्या नकाशावर काडेपेट्यांची आगगाडी चालवायचा आणि आल्प्स ओलांडून थेट उशीखाली घालायचा. मी दारात भाजी निवडत बसायचे आणि म्हणायचे, पुरे आता, जेवायला चला. पण मलाही ऐकायला आवडायचं. तीच तर गंमत आहे. मला ऐकायला फार आवडायचं, आणि जायचं मात्र नव्हतं.

का नव्हतं ते तेव्हा मी स्वतःलाही धड सांगितलं नाही, आता सांगते. परभणीहून लग्न होऊन मी इथे आले तेव्हा बावीस वर्षांची होते. पहिली दोन वर्षं मला भाजी आणायला जायचं म्हटलं तरी रडू यायचं. तेलुगू येत नव्हतं, उर्दू मोडकी, आणि माझं परभणीचं मराठी इथल्या मराठी घरांतही कुणाला गावठी वाटायचं. तू पुण्याहून आलीस तेव्हा माझं 'कायकू' ऐकून हसू दाबायचीस ना, ते 'कायकू' मी फार कष्टाने शिकले आहे बाई. एकोणनव्वदमध्ये नुकतं कुठे बस्तान बसलं होतं. दूधवाला नावाने हाक मारायचा, शेजारच्या सरस्वतम्मा भिंतीवरून पुलिहोराची, म्हणजे चिंचेच्या भाताची वाटी द्यायच्या, मी त्यांना साबुदाण्याची खिचडी. आणि आता म्हणे पुन्हा पहिल्यापासून, परकी भाषा, परकं दूध, बाहेर बर्फ, हे दिवसभर कारखान्यात आणि मी एका खोलीत पोराला घेऊन खिडकीत. मला नुसत्या विचाराने भीती वाटायची. सांगायची मात्र लाज वाटायची. सगळी आळी मला नशीबवान म्हणत होती.

माझे सासरे, दत्तोबा, म्हणजे तुझे आजेसासरे, पंचांगाशिवाय जिन्याची पायरीही चढत नसत. निघायचा दिवस त्यांच्या मते वाईट होता. म्हणून त्यांनी चार दिवस आधी प्रस्थान ठेवायला लावलं. तू हे कधी बघितलं नसशील. जायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर एक पुरचुंडी बांधायची, त्यात तांदूळ, हळकुंड, जाणाऱ्या प्रत्येकाची एक सुपारी, आणि ती ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास त्या घडीला सुरू झाला असं धरायचं. मग खरं निघताना ती तिथून उचलायची आणि पुढे जायचं. ठेवलेलं प्रस्थान परत आपल्या घरात आणायचं नसतं. जर्मनी पश्चिमेला, म्हणून पुरचुंडी पश्चिमेच्या घरी, सरस्वतम्मांकडे गेली. ओमकारचे बाबा ती स्वतः नेऊन ठेवून आले. तीन सुपाऱ्या. सरस्वतम्मांना हा प्रकार फारसा कळला नाही. देवाचं काहीतरी आहे असं समजून त्यांनी ती देवघरातल्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ओमकारला सर्दी झाली. नुसती सर्दी, नाक वाहत होतं एवढंच. मी थर्मामीटर लावला तर नव्व्याण्णव. हे बाहेर ट्रंकेला पट्टा लावत होते, त्यांनी विचारलं किती आहे? मी स्वयंपाकघरात गेले, तो काचेचा थर्मामीटर कोमट पाण्याच्या पेल्यात क्षणभर धरला, बाहेर आणून दाखवला आणि म्हटलं, एकशेतीन. मी हे ठरवून केलं नाही. हात आपोआप गेला. पण पुढचे तीन दिवस मी तेच केलं, आणि ते मात्र ठरवून केलं. डॉक्टर आले तेव्हा ताप नव्हता, तर म्हटलं चढउतार होतोय. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर असू शकतो, आठवडाभर हलवू नका. यांनी कारखान्यात जाऊन आठ दिवस मागितले. कारखाना कुणासाठी थांबत नाही. यांच्या जागी मुकुंदराव गेले, यांचे मित्र. वर्षाने परत येताना त्यांनी यांच्यासाठी तिकडच्या रेल्वेचा मोठा, घड्यांचा नकाशा आणला. चांगल्या मनाने आणला. यांनी त्यांना घट्ट मिठी मारली.

हे माझ्यावर एकदाही रागावले नाहीत. पोराला बरं नव्हतं, त्याला कोण काय करणार. नवीन नकाशा पलंगावर पसरला गेला आणि संध्याकाळच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, त्या तीस वर्षांहून जास्त चालल्या. दर वर्षी म्हणायचे पुढच्या वर्षी जाऊ. आधी ओमकारची शाळा, मग दत्तोबांचं आजारपण, मग हे घर वर वाढवलं, मग यांचा रक्तदाब. मी स्टेशनं अशी पाठ केली. त्यांना वाटायचं हिलाही वेड लागलं आहे, आणि त्यांना त्याचा केवढा आनंद व्हायचा. मी वेडाने नाही पाठ केली, अपराधाने केली, पण पाठ झाल्यावर ती खरंच आवडायला लागली. चार वर्षांपूर्वी ते गेले, त्याच्या आदल्या महिन्यातही आम्ही लिंझला उतरून नदीकाठी बसून आलो होतो. त्यांना कळलं होतं का, हे मला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही. सांगायला बत्तीस वर्षं होती.

आता परवाचं, बुधवारचं. सरस्वतम्मा गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या सुनेने, ललिताने, घराला रंग द्यायला काढला आहे, म्हणून देवघराची फळी रिकामी केली. बुधवारी अकराच्या सुमारास ती भिंतीपाशी आली, हातात तबकडी. म्हणाली, "सुनंदम्मा, इदि मीदे कदा? अत्तम्मा म्हणायच्या, हे शेजारच्यांचं आहे, ते न्यायला येतील." हे तुमचंच ना, असं विचारत होती; अत्तम्मा म्हणजे तिच्या सासूबाई. मी आधी ओळखलंच नाही. मानसी, त्या बाईने, सरस्वतम्मांनी, पस्तीस वर्षं दर शुक्रवारी त्या पुरचुंडीला हळदकुंकू वाहिलं होतं. कुंकवाचा एवढा जाड थर, की कापड दिसत नव्हतं. आमचा न झालेला प्रवास ती पूजत होती आणि आम्ही न्यायला येऊ म्हणून वाट बघत होती. मी तिला रोज भिंतीवरून बघायचे, आणि तिने कधी विचारलं नाही.

मी ती घरात नेली नाही, तिथेच त्यांच्या पायरीवर बसून सोडली. तांदळाचं पीठ झालं होतं. हळकुंडाला भोकं पडली होती. तीन सुपाऱ्या तेवढ्या शाबूत होत्या. आणि त्यांच्याखाली एक कागद होता, चौपदरी घडी केलेला, जो मी कधीच बघितला नव्हता. यांचं अक्षर. मी त्यात ठेवलेला नव्हता, म्हणजे यांनी नेऊन ठेवताना वाटेत सरकवला असणार. वर लिहिलं होतं, 'सुनंदासाठी, बाजारात जाताना.' खाली शब्द होते, मराठीत लिहिलेले. दूध म्हणजे मिल्श. मीठ म्हणजे झाल्त्स. तांदूळ म्हणजे राइस, हा तुला येतोच. कांदा म्हणजे त्स्वीबेल, हा म्हणता आला नाही तर बोट दाखव. मुलाला बरं नाही म्हणजे दास किंड इस्ट क्रांक. आणि सगळ्यात शेवटी, 'पहिला महिना मी रोज तुझ्याबरोबर बाजारात येईन. कारखान्याला सांगून ठेवलं आहे.'

ललिताने पाणी आणून दिलं. मला वाटत होतं मी माझी भीती कुणाला दिसू दिली नाही. त्यांना ती दिसली होती, आणि त्यांनी मला लाज वाटू नये म्हणून त्याबद्दल एक शब्द न बोलता तिच्यावर उपाय करून ठेवला होता. मी निघाले असते तर ती पुरचुंडी सोडून तो कागद मला मुंबईच्या गाडीत मिळाला असता. मी एकदा तोंड उघडून सांगितलं असतं की मला भीती वाटते, तरी मिळाला असता. मी थर्मामीटर बुडवला.

इथवर वाचून तुला वाटेल, आईंना जुनं काहीतरी आठवलं, मन मोकळं करतायत. तेवढ्यासाठी मी तुझा वेळ घेतला नसता. फेब्रुवारीत भामाला तापात झटका आला, तू तिला छातीशी धरून अनवाणी रस्त्यावर धावलीस, ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून तिचं अंग कोमट आहे एवढं म्हटलं तरी तुझा चेहरा पांढरा पडतो, हे मला ठाऊक आहे. आणि ठाऊक असूनच मंगळवारी सकाळी, तुम्ही कागदपत्रांची पिशवी घेऊन जिना उतरलात तेव्हा मी तिच्या कपाळाला हात लावून म्हटलं, मानसी, हिचं अंग मला बरं वाटत नाही गं. तिचं अंग गार होतं. काकडीसारखं गार. तू थर्मामीटर लावलास, त्यात काही नव्हतं, तर मी म्हटलं, सुरुवातीला नाही दाखवत. तुझा विश्वास त्या यंत्रापेक्षा माझ्या हातावर जास्त, म्हणून तू पिशवी खाली ठेवलीस. का केलं? आदल्या आठवड्यात ओमकार फोनवर कुणाला तरी म्हणत होता की म्युनिकलाच कंपनीची कचेरी आहे, गेलोच आहोत तर बघून येतो, जमलं तर तिकडेच. तेवढ्या अर्ध्या वाक्यावर मी तुमचं सामान हललेलं, वरचा मजला बंद झालेला आणि दुपारी स्टेशनं म्हणायला कुणी नाही असं सगळं बघून टाकलं. तुला विचारायचं सोडून मी पुन्हा तेच केलं, पहिल्यांदा नवऱ्याशी केलं ते आता तुझ्याशी. आणि दुसऱ्याच दिवशी ललिता भिंतीपाशी आली.

तू रागावशील. रागाव. दोन दिवस खाली येऊ नकोस, चहा विचारू नकोस, मी समजून घेईन. पण गुरुवारची तारीख सोडू नकोस. भामाला ताप नव्हता, ती धडधाकट आहे, तिला घेऊन जा. म्युनिक बघून या आणि आवडलं तर राहा. आज सकाळी मी पंचांग न बघताच नवीन पुरचुंडी बांधली, नवे तांदूळ, नवं हळकुंड, भामाचा एक मोजा, आणि तुमच्या तीन सुपाऱ्या. ललिताने फळी पुसून दिली, रंग अजून ओला होता. तेव्हा तुमचा प्रवास सुरू झालेला आहे, आता तो मागे आणता येत नाही. यांचा कागद या पाकिटात आहे, तो तुझ्याजवळ ठेव, कांद्याला बोट दाखवलं तरी चालतं असं त्यातच लिहिलं आहे. त्याच्याबरोबर एक सुटी सुपारी आहे. तू मला दोनदा विचारलं होतंस, आई, तुम्हीही चला ना, आणि मी दोन्ही वेळा गुडघे पुढे केले होते. गुडघे बरे आहेत. माझा पासपोर्ट कपाटात आहे, ओमकारने काढून दिलेला, अजून कोरा. मला यायचं आहे मानसी, मला फार यायचं आहे, साल्झबुर्गच्या पुढचा रस्ता मला एकदा जागेपणी बघायचा आहे. पण हे सगळं वाचल्यावर मला न्यायचं की नाही, हे आता तूच ठरवायचं. न्यावंसं वाटलं तर ती सुपारी शेजारी जाऊन पुरचुंडीत टाक, ललिताला सांगितलं आहे. नाही वाटलं तर माझ्या पानाच्या डब्यात टाक, मी संध्याकाळी कातरून खाईन आणि तुला एका शब्दाने विचारणार नाही. भामा जागी झाली आहे, दूध मागते आहे. मी तिला म्हटलं, मिल्श, तर हसली.

तुझीच,
आई